परमार्थ : वापरण्यापूर्वीच्या सूचना

ही मार्गदर्शिका फक्त कामाला जुंपलेल्यांसाठी आहे. ज्यांना सकाळची ठरलेली गाडी पकडायची असते, ज्यांच्या घरी पाणी त्याच्या वेळेला येतं आणि ज्यांच्या मुलांना रात्री दहा वाजता आठवतं की उद्या शाळेत कार्डपेपर न्यायचा आहे, अशांनी ती वाचावी. निवृत्त मंडळींनी वाचू नये. ती चुका काढत बसतील. हिमालयात जाऊ इच्छिणाऱ्यांनीही वाचू नये. त्यांनी तिकिटाचं बघावं.

नवसाधक ओळखायला सोपा असतो. रक्तदाबाची गोळी नुकतीच सुरू झालेली असते किंवा होऊ घातलेली असते. घरात देव्हारा असतो, पण त्यातल्या मंडळींशी संबंध मुलांची परीक्षा, बढती आणि व्हिसाची मुलाखत एवढ्यापुरताच येतो. ‘आता काहीतरी सुरू केलं पाहिजे’ हे वाक्य तो रविवारी, जेवण झाल्यावर, आडवं पडण्याच्या बेतात असताना बोलतो. या अवस्थेला शास्त्रात काय म्हणतात ते माहीत नसलं तरी चालेल. पुढे जाऊ.

साहित्य

सुरू करायचं ठरलं की पहिली ऊर्मी खरेदीची येते. चौरंग, लोकरी आसन, तुळशीची माळ, ती ठेवायची गोमुखी, बोटात अंगठीसारखं घालायचं जप मोजण्याचं यंत्र, ध्यानाचं ॲप आणि त्याची वर्षाची वर्गणी. यातलं काहीही लागत नाही. पण काहीच लागत नाही असं सांगितलं तर नवसाधक खचतो, म्हणून एक वस्तू मान्य करू : शर्टाच्या खिशात मावेल असं एखादं छोटं पुस्तक. ज्ञानदेवांचा हरिपाठ घ्या. त्यात २७ अभंग आहेत. मनाचे श्लोक घ्या. ते २०५ आहेत.

आकडे सांगितल्याबरोबर तुमच्या डोक्यात भागाकार सुरू झाला असेल. रोज एक श्लोक म्हटला तर सात महिन्यांच्या आत मनाचे श्लोक पूर्ण. दासबोधात २० दशक, २०० समास. रोज एक समास, २०० दिवस. ज्ञानेश्वरीच्या ओव्या ९,००० च्या आसपास. रोज दहा म्हटल्या तर अडीच वर्षं. हा हिशोब फार समाधान देतो. इतकं देतो की मग पुस्तक उघडण्याची गरज उरत नाही. तक्ता करून फ्रिजवर लावला की परमार्थ साधला असं वाटणारी कितीतरी सुशिक्षित घरं आहेत. समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी जप केला अशी परंपरा आहे. त्यालाही भागून बघा : रोजचे २९,००० च्या वर, आणि एका जपाला दोन सेकंद धरली तर दिवसाचे साडेसोळा तास. समर्थांनी फ्रिजवर तक्ता लावला असता तर तिसऱ्या दिवशी टाकळी सोडली असती.

मुहूर्त

पुस्तकं ब्राह्ममुहूर्त सांगतात. सूर्योदयाच्या आधी ९६ मिनिटांनी तो लागतो आणि ४८ मिनिटं टिकतो. सूर्य साडेसहाला उगवत असेल तर चार चोपन्न ते पाच बेचाळीस. वेळ उत्तम, हवा थंड, रस्ता शांत. अडचण एवढीच की या वेळी घरात एक माणूस आधीच उठलेलं असतं. ते पाणी भरत असतं, नाहीतर कणीक मळत असतं. त्याच्या शेजारी डोळे मिटून बसणं हे धैर्याचं काम आहे, आणि ते धैर्य मराठी पुरुषाकडे परंपरेनं चालत आलेलं आहे.

इथे जरा थांबायला हवं. देवाला आपल्या भक्तांची वेळेची अडचण कळते, याचे दाखले आपल्या संतचरित्रांत आहेत. सेना न्हावी पूजेत रमले, तेव्हा राजाच्या हजामतीला त्यांच्या रूपात विठ्ठल गेला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांना खुलं केलं, तेव्हा बेदरच्या बादशहाकडे पैसे भरायला विठू महार होऊन विठ्ठल गेला. जनाबाईबरोबर तो दळायला बसला. तिन्ही कथांत भक्ताचं काम दुसऱ्या कोणीतरी उचललं आहे. तो दुसरा देव होता, म्हणून कथा झाली. आपल्याकडे तो दुसरा बहुधा बायको असते, म्हणून कथा होत नाही.

तेव्हा नवसाधकानं पहिल्या आठवड्यात एक चाचणी घ्यावी. पूजेला बसल्यापासून उठेपर्यंत आपण किती हाका मारल्या ते मोजावं. ‘फुलं आली का?’, ‘काडेपेटी कुठाय?’, ‘नैवेद्याची वाटी!’ अशा सगळ्या हाका धरायच्या, नुसतं खाकरणंसुद्धा. मग बघावं की दाराच्या कडीला अडकवलेली फुलपुडी कोणी आत आणली, वाती कोणी वळल्या, ताम्हन चिंच लावून कोणी घासलं आणि ओला पंचा कोणी वाळत घातला. सगळ्यांचं उत्तर एकच निघालं आणि ते तुम्ही नसाल, तर त्या पूजेचं पुण्य त्या व्यक्तीच्या खात्यात जातं असं आमचं मत आहे. धर्मशास्त्रातला आधार विचारू नये. जिला विचारायचं ती स्वयंपाकघरात आहे.

यातून मार्गदर्शिकेचा एकमेव नियम निघतो : साधनेला लागणारा वेळ स्वतःच्या दिवसातून काढायचा. हा नियम लावला की निम्मे साधक गळतात. उरलेल्यांनी पुढे वाचावं.

करमाळा, धीम्या गाडीनं

स्वतःचा असा वेळ नोकरदार माणसाकडे एकाच ठिकाणी असतो : प्रवासात. तो कोणी मागत नाही, कारण त्यात दुसऱ्याला शिरायला जागाच नसते. लोकलमध्ये माळ काढणं धोक्याचं. गर्दीत ती कोणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये अडकते आणि एकशे आठ मणी आणि मेरुमणी ठाण्याच्या फलाटावर विखुरतात. त्यापेक्षा करमाळा बरी. ती बोटांच्या पेरांवर मोजतात, फुकट असते आणि हरवत नाही.

कृती अशी. उजव्या हाताचा अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर ठेवावा. हे एक. अनामिकेचं खालचं पेर दोन. करंगळीचं खालचं तीन, मधलं चार, वरचं पाच. अनामिकेचं वरचं सहा, मधल्या बोटाचं वरचं सात. तर्जनीचं वरचं आठ, मधलं नऊ, खालचं दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं हा मेरू. त्यांना अंगठा लावायचा नाही. एक फेरा, दहा जप.

दशकं डाव्या हातावर मोजतात, पण आपला डावा हात वरच्या कडीला लटकलेला असतो आणि त्यावर आणखी दोघांची बोटं असतात. म्हणून दशकं स्टेशनांवर मोजावीत. मध्य रेल्वेची धीमी गाडी या कामासाठीच आखल्यासारखी आहे. डोंबिवली सुटल्यावर कोपर येईपर्यंत पहिलं दशक, दिवा येईपर्यंत दुसरं. मग मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग करत विक्रोळीला दहावं पूर्ण. झाले शंभर. विक्रोळी ते घाटकोपर उरलेले आठ. एकशे आठ! घाटकोपरला मेट्रोवाल्यांचा लोंढा उतरतो आणि छातीभर श्वास घ्यायला मिळतो. ही फलश्रुती. माळ मेरूपाशी आली की ओलांडत नाहीत, उलटी फिरवतात. तसं संध्याकाळी घाटकोपरहून उलट मोजत यावं.

फास्ट गाडीला हे गणित लागू पडत नाही. ती डोंबिवली ते ठाणे या टप्प्यात फार तर दिव्याला थांबते, आणि मधल्या वेळात मोजदाद ठेवायला जे एकाग्र चित्त लागतं ते असतं तर जप कशाला करावा लागला असता? दिव्याला चढणाऱ्यांनी पहिली दोन दशकं माफ समजावीत. ते डब्यात शिरले हेच पुष्कळ. पश्चिम आणि हार्बरवाल्यांनी आपापली स्टेशनं मोजून घ्यावीत. विरारवाल्यांना एका माळेनंतरही बरीच स्टेशनं उरतील, त्यांनी झोपावं.

नाम कोणतं घ्यायचं, हा प्रश्न नवसाधक इथे हमखास विचारतो आणि त्यावर पुढचे सहा महिने वाचन करतो. घरात आजी जे घेत होती ते घ्यावं. आजी काहीच घेत नसेल तर रामाला कोणाची हरकत नसते.

याच गाडीत भजनी डबा असतो. टाळ, ढोलकी, आणि ढोलकी नसेल त्या दिवशी डब्याचा पत्रा. रोजची तीच मंडळी, ठरलेली गाडी, ठरलेला डबा; दसऱ्याच्या सुमारास डब्याला झेंडूची तोरणं लागतात, पूजा होते, पेढे वाटतात. यातले काही आवाज खरोखर ऐकत राहावेत असे असतात. चाळीस वर्षं कारकुनी केलेला माणूस भांडुपच्या आसपास असा काही वरचा सूर लावतो की मोबाइलमधून माना वर येतात. पण रात्रपाळी करून आलेला एक जण खिडकीला डोकं टेकून झोपायचा प्रयत्न करत असतो, आणि त्यानं या पुण्यासाठी अर्ज केलेला नसतो. वरचा नियम वेळेइतकाच झोपेलाही लागू आहे.

सामूहिक पारायण, म्हणजे अध्याय कोणाकडे आहे?

गेल्या काही वर्षांत परमार्थात झालेला खरा शोध हा आहे, आणि त्याचं श्रेय कोणाला द्यावं ते कळत नाही. दासगणूंच्या श्रीगजाननविजय ग्रंथाचे २१ अध्याय आहेत. एकट्यानं एका बैठकीत वाचायचे तर दिवसाचा मोठा भाग जातो. मग एकवीस माणसं गोळा करायची, व्हॉट्सॲपवर गट करायचा, दर गुरुवारी प्रत्येकानं एक अध्याय वाचायचा. एकूण पारायण एक. प्रत्येकाची पंधरा-वीस मिनिटं. पुढच्या गुरुवारी अध्याय एकानं सरकतो. कारखान्यातल्या पट्ट्यावर मोटार जोडतात, तशी इथे भक्ती जोडली जाते, आणि शेगावच्या महाराजांनी त्याला आक्षेप घेतल्याचं ऐकिवात नाही.

नवसाधकासाठी हा प्रकार सर्वांत चांगला आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं, आणि कारण फारसं आध्यात्मिक नाही. माणूस देवाला फसवू शकतो. गटाच्या संयोजक ताईंना फसवू शकत नाही. सकाळी सहाला ताईंची यादी येते. दुपारपर्यंत एकेकाच्या नावापुढे हात जोडलेले उमटत जातात. संध्याकाळी सातला पहिली हळुवार चौकशी : ‘अध्याय १४ आणि १९ राहिलेत, सवडीनं घ्या.’ साडेआठला ‘सवडीनं’ हा शब्द गळतो. साडेनऊला फोन येतो. एकोणिसाव्या अध्यायाचा मालक पुण्याहून येताना खंडाळ्याच्या घाटात अडकलेला असतो आणि त्याचं पुस्तक घरी असतं. मग मोबाइलवर पीडीएफ, तीही गाडी चालवणाऱ्यानं नव्हे, शेजारी बसलेल्या भाच्यानं मोठ्यानं वाचलेली. ओवी घाटात ऐकायला फार छान लागते. पारायण अकराला पूर्ण होतं आणि ताई ‘जय गजानन’ लिहून झोपतात.

गटाची पथ्यं : न वाचता हात जोडू नयेत. सुतक वगैरे असेल तर आदल्या दिवशी कळवावं, म्हणजे बदली वाचक मिळतो. गुड मॉर्निंगची गुलाबाची चित्रं टाकू नयेत. आपल्याच गटात बिल्डर असेल तर त्यानं नव्या प्रकल्पाची माहिती किमान गुरुवारी तरी टाकू नये.

संकष्टी

ज्यांना वाचनही नको त्यांना उपास आहे. त्यातही संकष्टी ही नोकरदारांच्या सोयीची : दिवसभर काही करायचं नाही, फक्त खायचं नाही, आणि सुटका रात्री घरी पोचल्यावर. चंद्रोदय साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान असतो आणि तो कालनिर्णयात छापलेला असतो. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली हे कॅलेंडर सुरू केलं, तेव्हापासून पावसाळ्यात ढगाआडचा चंद्र शोधायला गच्चीत जाण्याचं कारण उरलेलं नाही. छापील मिनिटाला आरती, मग मोदक. मात्र आपल्या गावाचा चंद्रोदय बघावा. नागपूर पूर्वेला असल्यामुळे तिथे चंद्र मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो, आणि नागपूरची वहिनी जेवणाच्या ताटाचा फोटो नेमका त्याच वेळी पाठवते. तो उघडू नये.

साबुदाण्याची खिचडी दिवसातून एकदा. दुसऱ्यांदा खाल्ली तर तो उपास राहत नाही, ती न्याहारी आणि जेवण होतं.

इगतपुरीहून परतलेल्या सहकाऱ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण तो प्रत्येक कचेरीत एक तरी असतो. धम्मगिरीतलं विपश्यनेचं शिबिर दहा दिवसांचं. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, मौन, फोन जमा. शुल्क नाही, द्यायचं तर शिबिर पूर्ण झाल्यावर स्वेच्छेनं दान. कामाचं आहे, जरूर जावं. फक्त परत आल्यावर, साठलेलं मौन सहकाऱ्यांवर सोडू नये. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात, आणि हा दोन तासांचा प्रश्न सुटला की नाही हे त्याला चहाच्या टपरीवर, चारचौघांत विचारू नये.

धोक्याच्या सूचना

कामात देव बघावा, हे खरं. पण तल्लीन होताना आजूबाजूला बघावं. तेरच्या गोरोबाकाकांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. चिखल तुडवताना नामात इतके रंगले की रांगत आलेलं मूल पायाखाली आलं. देवानं ते परत दिलं, असं कथा सांगते. जेसीबी, प्रेस मशीन आणि दुचाकी चालवणाऱ्यांनी या कथेच्या शेवटावर विसंबू नये. कानात भजन लावून रूळ ओलांडू नयेत.

बैठं काम करणाऱ्यांसाठी दुसरी कथा आहे. एकनाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशोब ठेवत. एकदा एका पैचा मेळ लागेना. रात्रभर बसून पहाटे चूक सापडली, तेव्हा नाथांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, इतकं चित्त देवाकडे लावलंस तर? मार्चअखेरीला जीएसटीचा मेळ घालणाऱ्या सर्वांनी ही टाळी वाजवून पाहावी. साहेब स्वामींच्या जागी असतील तरी तोच प्रश्न विचारतील अशी अपेक्षा ठेवू नये.

भाईंदरच्या खाडीवरून जाताना धावत्या गाडीतून निर्माल्य किंवा नारळ फेकू नयेत. खाली पाणजू बेटावरचे लोक पुलाच्या कडेनं चालत जातात, आणि असे नारळ लागून माणसं जखमी झाली आहेत. देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्याच्या डोक्यात घालून पावत नाही. निर्माल्य कुंडीत घालावं. नारळाची चटणी करावी.

आणि काहीच जमत नसेल तर अजपाजप आहे. हठयोगाच्या ग्रंथांनी दिवसाचे श्वास २१,६०० मोजले आहेत, म्हणजे मिनिटाला पंधरा, आणि प्रत्येक श्वासाबरोबर ‘सोऽहम्’ आपोआप चालतं असं मानलं आहे. यात तुम्हाला काही करावं लागत नाही. मीटिंगमध्येही तो चालू असतो. हे सांगितल्यावर नवसाधकाच्या चेहऱ्यावर जो आराम पसरतो तो पाहून मात्र वाटतं, हे त्याला शेवटीच सांगितलं ते बरं झालं.

नेम मोडला तर

मोडतोच. आपल्या परंपरेनं त्याचीही सोय केलेली आहे, तिला उद्यापन म्हणतात. कुठलंही व्रत गुपचूप सोडायचं नाही, रीतसर मिटवायचं. सोळा सोमवारांना गहू, गूळ, तुपाचा चुरमा. वैभवलक्ष्मीला शेवटी त्याच व्रताची पुस्तकं बायकांना वाटायची असतात. पुस्तकाच्या विक्रीची व्यवस्था पुस्तकातच लिहिलेली असण्याचं इतकं सुंदर उदाहरण दुसरं नाही, आणि त्यामुळेच तुमच्या घरात त्याच्या चार प्रती आहेत. मनाचे श्लोक एकसष्टाव्या श्लोकावर थांबले असतील तर तिथेच उद्यापन केलं तरी चालतं. देव हिशोब बघत नाही. फ्रिजवरचा तक्ता तेवढा काढून टाकावा.

जेवायला मेहूण सांगावं. पुरणपोळी हवी असं जो सुचवेल त्यानं डाळ शिजत घालण्यापासून पुरण वाटेपर्यंत सगळं स्वतः करावं, नाहीतर केटररला आठ दिवस आधी आगाऊ रक्कम द्यावी. रविवार धरायचा तर मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारी बघून पाहुण्यांना कळवावं. शनिवार धरायचा तर निम्म्यांना मारुतीचा उपास असतो. त्यांच्यासाठी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी वेगळी सांगावी.